सालाझारच्या राजवटीतल्या विद्यार्थी संघटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९ डिसेंबर १९६१ पर्यंत पणजीत ज्या सरकारचा हुकूम चालत होता, त्याच सरकारशी लिस्बन आणि कोइंब्रामधली कॉलेजची पोरंही भांडत होती. गोवामुक्तीबद्दल बोलताना आपण 'पोर्तुगीज' हा शब्द सरसकट वापरतो, आणि ही पोरंही नकळत हुकूमशहा सालाझारच्याच पंगतीत जाऊन बसतात. त्यांना तिथून उठवण्यासाठी हे लिहिलं आहे. यातले काही प्रश्न इतरांनी विचारलेले आहेत, काही वाचताना माझे मलाच पडलेले.

सालाझारची राजवट नेमकी कधीपासून कधीपर्यंत?

२८ मे १९२६ ला लष्करानं बंड करून पोर्तुगालचं प्रजासत्ताक उलथलं. तिजोरीत खडखडाट होता, म्हणून १९२८ मध्ये कोइंब्रा विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला अर्थमंत्री केलं. हेच आंतोनियो सालाझार. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि १९३३ मध्ये नवी राज्यघटना आणून त्यांनी 'नवं राज्य' जाहीर केलं. देशात एकच पक्ष, वर्तमानपत्रांवर निळ्या पेन्सिलीची सेन्सॉरशिप, संपाला बंदी आणि या सगळ्यावर गुप्त पोलिसांची नजर. या पोलिसांचं नाव अनेकदा बदललं, पण १९४५ ते १९६९ या काळातलं 'पीद' हेच नाव लोकांच्या तोंडी राहिलं. गोव्यातल्या जुन्या मंडळींनाही ते ठाऊक असतं.

ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडले, डोक्याला मार बसला आणि कारभार मार्सेलो कायतानो यांच्याकडे गेला. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या कॅप्टनांनी ही राजवट संपवली. सगळी मिळून ४८ वर्षं.

पण तिला फॅसिस्ट म्हणणं बरोबर आहे का? सालाझार तर शांत, चर्चला जाणारे गृहस्थ होते म्हणे.

गृहस्थ शांत होते हे खरं. मुसोलिनीसारखं सज्ज्यात उभं राहून ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. इतिहासकारांमध्ये यावर जुना वाद आहे. काही जण या राजवटीला फॅसिस्ट म्हणतात, काही नुसतीच हुकूमशाही, काही 'धर्मगुरूंच्या आशीर्वादानं चाललेली हुकूमशाही'. फॅसिस्ट नव्हती असं म्हणणारे एक दाखला हमखास देतात : रोलाऊ प्रेतो यांच्या निळ्या शर्टवाल्या उघड फॅसिस्ट संघटनेवर १९३४ मध्ये खुद्द सालाझारांनीच बंदी घातली होती.

मला हा दाखला उलटा वाटतो. गल्लीत दोन दादा असले म्हणून त्यातला एक सज्जन ठरत नाही. निळे शर्ट गेले आणि दोनच वर्षांत सरकारी युवक संघटनेचे हिरवे शर्ट आले. हात पुढे करून ठोकायची सलामी आली, पट्ट्याच्या बकलावर इंग्रजी 'एस'च्या आकाराचं अक्षरही आलं. ज्यांनी ही राजवट अंगावर झेलली, ते पोर्तुगीज विद्यार्थी असोत की गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक, ते तिला फॅसिस्टच म्हणत. मीही तोच शब्द वापरतो.

सालाझार स्वतः विद्यार्थी असताना राजकारणात होते का?

होते, आणि चांगलेच. कोइंब्रात कॅथलिक विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं, त्यात ते सक्रिय होते, त्या गोटातल्या साप्ताहिकात लिहीत होते. तिथले त्यांचे जिवलग मित्र सेरेजेइरा पुढे लिस्बनचे कार्डिनल झाले. एकेकाळी एकाच घरात राहणारे दोन तरुण पुढे एक सरकारचा आणि दुसरा चर्चचा प्रमुख झाला. विद्यार्थ्यांच्या मंडळातून काय निघू शकतं, हे सालाझारांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

सरकारची स्वतःची विद्यार्थी संघटना होती का?

पहिला प्रयत्न १९३४ चा. 'आक्साऊं इश्कोलार व्हॅनगार्दा' नावाची, म्हणजे साधारण 'शालेय कृती आघाडी', इटलीच्या वळणाची संघटना काढली गेली. संचलनं, गणवेश, घोषणा सगळं होतं. पण दोनेक वर्षांत तिच्यातली हवा गेली. १९३६ मध्ये आली 'मोसिदाद पोर्तुगेझा', म्हणजे 'पोर्तुगीज तारुण्य'. शाळकरी मुलांना ती सक्तीची होती. मुलींसाठी पुढच्या वर्षी वेगळी शाखा निघाली, तिचा भर आदर्श गृहिणी आणि आई घडवण्यावर.

गंमत अशी की शाळेत हिचा दरारा होता, पण विद्यापीठात तिला कुणी फारसं विचारलं नाही. लहानपणी सक्तीनं सलामी ठोकलेला मुलगा अठराव्या वर्षी पुन्हा ते करायला राजी नसतो.

इटलीत किंवा स्पेनमध्येही असंच होतं का?

नाही, आणि हा फरक लक्षात घेतला तर पोर्तुगालचं वेगळेपण कळतं. इटलीत 'गुफ' ही फॅसिस्ट पक्षाचीच विद्यापीठ शाखा होती. पुढे नोकरी हवी, नाव हवं, तर तिच्याशिवाय रस्ता नव्हता. ती बरीच श्रीमंत होती : सिनेमा, नाटक, वर्तमानपत्रं, राष्ट्रीय पातळीवरच्या सांस्कृतिक स्पर्धा. डिसेंबर १९३३ मध्ये रोममध्ये आशियाई विद्यार्थ्यांची परिषद भरली, त्यामागेही हीच मंडळी होती. तिला सुभाषचंद्र बोस हजर होते आणि मुसोलिनीचं भाषण झालं.

स्पेनमध्ये फ्रँकोनं १९४३ च्या विद्यापीठ कायद्यानं 'सेउ' या फलांजिस्ट, म्हणजे फ्रँकोच्या सत्ताधारी पक्षाच्या, संघटनेचं सभासदत्व प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचं केलं. सगळ्यांना एकाच गोठ्यात बांधलं की कोण कुठे आहे ते कळतं, हा हिशोब. पण गोठ्यात वर्गप्रतिनिधी निवडायची सोय ठेवावी लागली आणि विरोधक त्याच निवडणुका जिंकायला लागले. १९६५ मध्ये सरकारला आपलीच संघटना गुंडाळावी लागली.

पोर्तुगालमध्ये सक्तीची संघटना झालीच नाही. तिथे विद्यार्थ्यांच्या जुन्या संघटना होत्या, आणि त्या ताब्यात कुणाच्या राहणार यावर ४० वर्षं खेचाखेची चालली.

या जुन्या संघटना कोणत्या?

सर्वांत मोठी आणि जुनी कोइंब्राची 'असोसियासाऊं अकादेमिका'. स्थापना १८८७ ची. (कोइंब्राचं विद्यापीठ १२९० चं.) लिस्बनमध्ये प्रत्येक विद्याशाखेची वेगळी संघटना होती आणि त्यांची मिळून एक समन्वय बैठक असे.

'विद्यार्थी संघटना' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झेंडे आणि घेराव येतात. हे प्रकरण निराळं. इथे खाणावळ, छापलेल्या नोट्स, गायनवृंद, नाटक मंडळी, दवाखाना, फुटबॉलचा संघ, सगळं संघटनेच्या पंखाखाली. कोइंब्राचा 'अकादेमिका' हा फुटबॉल संघ देशाच्या पहिल्या फळीत खेळायचा. म्हणजे आपल्याकडचं जिमखाना, मेस आणि गॅदरिंग कमिटी एकत्र करा, तिला साठ-सत्तर वर्षांची परंपरा जोडा.

शिवाय 'रिपब्लिका'. कोइंब्रात दहा-बारा विद्यार्थी मिळून जुनं घर भाड्यानं घेतात, स्वयंपाकाला बाई ठेवतात, कारभार मतदानानं चालवतात. अशा घराला रिपब्लिका, म्हणजे प्रजासत्ताक, म्हणायची पद्धत. नावं एकाहून एक वात्रट. एकीचं नाव 'प्रा-किस-ताऊं', पाकिस्तानवरून केलेली शाब्दिक कोटी. देशात प्रजासत्ताक नुसतं नावाला असताना या घरांमध्ये भाजीपासून भाड्यापर्यंत सगळ्यावर मतदान होत होतं. पुढे १९६९ मध्ये याच घरांच्या परिषदेनं निवडणूक लढवली.

मग सरकारनं या संघटना बंदच का केल्या नाहीत?

माझ्या मते दोन कारणं. एक तर मंत्री, न्यायाधीश, बिशप, गव्हर्नर यांतले कितीतरी जण याच संघटनेच्या मेसमध्ये जेवून मोठे झालेले. आपल्या तरुणपणावर बंदी घालायला हात धजत नाही. दुसरं, खाणावळ बंद केली तर पोरांना जेवायला घालणार कोण?

त्यामुळे मार्ग काढला तो आपल्याला सहकारी बँकांमुळे चांगलाच परिचयाचा आहे : प्रशासक नेमायचा. निवडून आलेलं मंडळ डोईजड झालं की ते बरखास्त करायचं आणि 'प्रशासकीय समिती' बसवायची. मेस चालू, गाणं चालू, फुटबॉल चालू. फक्त निवडणूक बंद. १९४५ मध्ये फ्रान्सिस्को साल्गादो झेन्या हे कोइंब्राच्या संघटनेचे अध्यक्ष होते. सालाझारांच्या गौरवाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांच्या वतीनं सामील व्हायला त्यांनी नकार दिला आणि पद गेलं.

डिसेंबर १९५६ मध्ये ४०९०० क्रमांकाचा वटहुकूम आला. संघटनांचा जवळजवळ प्रत्येक निर्णय सरकारी नजरेखाली आणायचा, असा त्याचा सगळा रोख. जानेवारी १९५७ मध्ये विद्यार्थी इतके खवळले, की सरकारच्याच मुठीतल्या विधानसभेला तो पुन्हा तपासायला घ्यावा लागला. वरकरणी किरकोळ विजय. पण ज्यांनी आयुष्यात सरकारला एक पाऊल मागे जाताना पाहिलंच नव्हतं, त्यांच्यासाठी तो किरकोळ नव्हता.

प्राध्यापक काय करत होते?

बरेचसे गप्प होते. जे गप्प नव्हते ते घरी बसले. १९३५ च्या एका कायद्यानं राजवटीच्या विचाराशी सहमत नसलेल्या सरकारी नोकराला काढायची सोय झाली. त्यात वैद्यकशास्त्रज्ञ आणि चित्रकार आबेल सालाझार गेले (आडनावबंधू, नातं नाही). पुढच्या वर्षापासून प्रत्येक सरकारी नोकराला साम्यवाद नाकारल्याची शपथ घ्यावी लागे. १९४६-४७ मध्ये दुसरी झाडलोट झाली. गणितज्ञ बेंतो द जेझूश कारासा, गणितज्ञ रुय लुईश गोमिश, भौतिकशास्त्रज्ञ मारियो सिल्व्हा, एकेक नाव पुसलं गेलं. एका गरीब देशानं आपले सगळ्यात चांगले गणिताचे मास्तर असे हाकलून दिले.

भूमिगत पक्षांचा हात होता का?

होता. बंदी असलेला कम्युनिस्ट पक्ष विद्यापीठात पाय रोवून होता. त्याचे पुढारी आल्वारो कुन्याल हे लिस्बनचे कायद्याचे विद्यार्थी. १९४० मध्ये ते अटकेत होते आणि पदवीच्या परीक्षेला पोलिसांच्या पहाऱ्यात आले. प्रबंधाचा विषय गर्भपात. परीक्षकांत कोण, तर मार्सेलो कायतानो! पुढचा हुकूमशहा परीक्षक आणि समोर कम्युनिस्ट पुढारी उमेदवार. कुन्याल उत्तम गुणांनी पास झाले आणि परत कोठडीत गेले.

१९४६ मध्ये विरोधकांची एक तरुण शाखा निघाली. तिच्यात पुढे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झालेले मारियो सोआरेस होते. वर्षभरात अटका झाल्या.

पण सगळं कम्युनिस्टांनी घडवलं असं म्हणणं म्हणजे पीदच्या अहवालाची भाषा बोलणं. नोव्हेंबर १९६७ मध्ये लिस्बनभोवतालच्या झोपडवस्त्यांत एका रात्रीत पूर आला, शेकडो माणसं मेली, आणि सेन्सॉरनं मेलेल्यांचा आकडा दाबला. चिखल उपसायला विद्यार्थी गेले. त्यांत कॅथलिक मंडळातली, कधी पत्रकही न वाचलेली मुलंमुली होती. राजधानीपासून बसच्या अंतरावर लोक कसे राहतात हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि आकडा खोटा आहे हे तर डोळ्यांसमोरच होतं. अशा मुलांना पक्षाची गरज नंतर लागली.

१९६२ मध्ये काय झालं?

२४ मार्च हा 'विद्यार्थी दिन' साजरा करायचा ठरलं होतं. भाषणं, गाणी, जेवण. सरकारनं परवानगी नाकारली आणि लिस्बनच्या विद्यापीठ परिसरात पोलीस घुसले, लाठ्या चालल्या. विद्यार्थ्यांनी 'लुतो अकादेमिको', म्हणजे विद्यापीठाचं सुतक, पुकारलं. संपाला कायद्यानं बंदी; पण सुतक पाळायला बंदी कशी घालणार? वर्ग ओस पडले.

लिस्बन विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा कायतानोच होते. आपल्याला न विचारता पोलीस आत आले म्हणून त्यांनी राजीनामा दिला. सहा वर्षांनी हेच कायतानो सत्तेवर आले आणि त्यांच्याही पोलिसांनी आत येताना कुणाला विचारलं नाही.

मे महिन्यात खाणावळीत उपोषण झालं, शेकडोंना एकदम उचललं गेलं. त्या वर्षीच्या पुढाऱ्यांपैकी एक, जोर्ज सांपायो, १९९६ ते २००६ पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष होते.

यात आपल्यासाठी एक धागा आहे. अटक झालेल्या विद्यार्थ्यांना लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात ठेवत. त्याच किल्ल्यात तेव्हा गोवामुक्तीच्या लढ्यातले सांगलीचे मोहन रानडे शिक्षा भोगत होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये, एकूण चौदाएक वर्षांनी. त्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडके धडपडत होते.

'साम्राज्याच्या विद्यार्थ्यांचं घर' ही काय भानगड आहे?

सालाझारांच्या सगळ्या चुकांमधली ही माझी आवडती. वसाहतींमध्ये विद्यापीठ नव्हतं, त्यामुळे शिकायचं तर लिस्बन किंवा कोइंब्रा गाठावं लागे. ही मुलं वेगवेगळी राहिली तर 'अंगोलाचे', 'मोझांबिकचे' अशी ओळख पक्की होईल. एकत्र ठेवली तर साम्राज्याचे निष्ठावंत अधिकारी होतील, असा विचार करून १९४४ मध्ये सरकारच्या पाठिंब्यानं 'काझा दुश इश्तुदांतिश दु इंपेरियो' उघडलं. मुख्य घर लिस्बनला, शाखा कोइंब्रा आणि पोर्तोला. खाणावळ, वाचनालय, नाच, एक मासिक.

इथे कोण जेवायला यायचं ते पाहा. शेतकी शिकणारे अमिल्कार काब्राल, पुढे गिनी आणि केप व्हर्डच्या स्वातंत्र्ययुद्धाचे नेते. वैद्यकी शिकणारे आगोस्तिन्हो नेतो, अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. मोझांबिकचे मार्सेलिनो दुश सांतुश. एकमेकांच्या कविता वाचता वाचता या मुलांना कळलं की प्रत्येकाच्या गावची गोष्ट एकच आहे. सरकारनं इथेही प्रशासकीय समिती बसवून पाहिली. १९६१ च्या उन्हाळ्यात शंभरेक आफ्रिकी विद्यार्थी गुपचूप सीमा ओलांडून फ्रान्सकडे निसटले. १९६५ मध्ये पीदनं घराला कुलूप लावलं, तोपर्यंत तीन देशांत युद्ध पेटलं होतं.

गोव्याचे विद्यार्थी कुठे होते?

दोन वाटा होत्या. बरेच हिंदू विद्यार्थी मराठी-इंग्रजीतून शिकायला बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबईला येत. लिस्बनचा रस्ता त्यांच्यासाठी भाषेनं आणि पैशानंही लांबचा. गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, विद्यापीठ मात्र १९८५ पर्यंत नव्हतं. पोर्तुगीजमधून शिकलेली, मुख्यतः ख्रिस्ती घरांतली मुलं कोइंब्रा-लिस्बनला जात.

त्यांतल्या दोघांची नावं आपल्याला पाठ असायला हवीत. आदेओदातो बार्रेतो आणि तेलो द मास्कारेन्यस. १९२० च्या दशकाच्या शेवटी, सालाझार त्याच शहरात शिकवत होते त्या काळात, या दोघांनी मित्रांसह कोइंब्रात 'हिंदू राष्ट्रवादी केंद्र' काढलं आणि १९२८ मध्ये 'इंडिया नोव्हा' नावाचं पत्र चालवलं. 'हिंदू' या शब्दाचा अर्थ तिथे धर्म नव्हे, हिंदी, भारतीय असा. ख्रिस्ती गोवेकर तरुण गांधी-टागोरांबद्दल पोर्तुगीजमध्ये लिहीत होते! बार्रेतो १९३७ मध्ये ऐन तिशीत गेले. मास्कारेन्यस गोव्याच्या लढ्यात उतरले आणि पोर्तुगालच्या तुरुंगातून १९७० मध्ये सुटले, म्हणजे गोवा मुक्त होऊन आठ-नऊ वर्षं झाल्यावर.

तिसरे डॉ. पुंडलिक गायतोंडे. काणकोणकडचे, लिस्बनला वैद्यकी शिकलेले. १७ फेब्रुवारी १९५४ ला म्हापशात एका न्यायाधीशाच्या निरोपाचं जेवण होतं. बोलता बोलता कुणीतरी गोवा हे पोर्तुगालच आहे असं म्हणालं. गायतोंडे एवढंच म्हणाले : "मी निषेध करतो." अटक झाली आणि त्यांना पोर्तुगालला नेलं.

हा प्रसंग लक्षात ठेवून पुढचा प्रश्न वाचा.

१७ एप्रिल १९६९ ला कोइंब्रात काय घडलं?

चार वर्षं नेमलेली समिती सोसल्यावर फेब्रुवारी १९६९ मध्ये कोइंब्राच्या संघटनेची निवडणूक झाली आणि रिपब्लिकांच्या परिषदेची यादी मोठ्या फरकानं जिंकली. अध्यक्ष झाला कायद्याचा विद्यार्थी आल्बेर्तो मार्टिन्स.

एप्रिलमध्ये गणित विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. राष्ट्राध्यक्ष ॲडमिरल आमेरिको तोमाश येणार होते. हे गृहस्थ फिती कापण्यासाठीच प्रसिद्ध. विद्यार्थ्यांनी आधी रीतसर कळवलं की आमच्या प्रतिनिधीला दोन शब्द बोलू द्या. नकार आला. समारंभात मार्टिन्स उभा राहिला आणि कोइंब्राच्या विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायची परवानगी मागितली. तोमाश गडबडले, आधी सार्वजनिक बांधकाम मंत्री बोलतील असं काहीसं म्हणाले. मंत्री बोलले आणि लवाजमा उठून चालता झाला. रिकाम्या झालेल्या दालनात विद्यार्थ्यांनी आपलं उद्घाटन आपणच केलं.

रात्री मार्टिन्सला संघटनेच्या दारातून उचललं. पाच दिवसांत आठ विद्यार्थी निलंबित झाले. पुन्हा सुतक. शिक्षणमंत्री टीव्हीवर येऊन दम देऊन गेले, त्यानं आगीत तेल पडलं. विद्यापीठ बंद झालं, शहरात घोडेस्वार पोलीस आले. २८ मे रोजी सुमारे सहा हजार विद्यार्थी जमले आणि परीक्षांवर बहिष्काराचा ठराव झाला. जूनमध्ये बहुसंख्य विद्यार्थी परीक्षेला बसलेच नाहीत. रस्त्यावर घोडे आणि बंदुका, आणि पोरं नाक्यानाक्यावर लोकांना फुलं वाटताहेत, फुगे सोडताहेत.

एका वाक्याच्या विनंतीवरून एवढं रामायण का झालं? कारण विनंती सभ्य होती. दगड फेकला असता तर पोलिसांना ठरलेलं काम होतं. "मला बोलू द्या" म्हणणाऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात, आणि दोन्हींत ॲडमिरलची अडचण. म्हापशाच्या जेवणातही हेच झालं होतं.

फुटबॉलचा काय संबंध?

२२ जून १९६९. पोर्तुगीज कपचा अंतिम सामना, लिस्बनजवळच्या राष्ट्रीय मैदानावर. बेनफिका विरुद्ध अकादेमिका. म्हणजे ऐन बहिष्कारात आंदोलक विद्यार्थ्यांचाच संघ अंतिम फेरीत! सरकारनं सामना टीव्हीवर दाखवला नाही, राष्ट्राध्यक्ष आले नाहीत. खेळाडू खांद्यावर विद्यार्थ्यांचे काळे झगे टाकून मैदानात उतरले, प्रेक्षकांतून फलक आणि पत्रकं फिरली. अकादेमिकानं आधी गोल केला. सामना संपायला काही मिनिटं असताना बेनफिकानं बरोबरी साधली आणि जादा वेळेत युसेबियोनं विजयी गोल मारला. २-१.

युसेबियो मोझांबिकचा. सरकार 'आमच्या साम्राज्यात रंगभेद नाही' हे सांगायला त्याचा फोटो वापरायचं. त्या दिवशी सरकारची लाज राखणारा गोलही त्यानंच करावा, हा निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

शिक्षा काय झाली?

तुरुंग आणि निलंबन होतंच. खास शिक्षा वेगळी : शिक्षणासाठी मिळालेली लष्करभरतीची सवलत काढून ४९ विद्यार्थ्यांना सैन्यात घेतलं. तेव्हा सैन्यात जाणं म्हणजे आफ्रिकेतल्या युद्धावर जाणं. पण पदवीच्या उंबरठ्यावरची ही मुलं शिकलेली, बोलघेवडी, सभा कशी चालवायची हे जाणणारी. असे शेकडो तरुण तात्पुरते अधिकारी म्हणून त्याच कॅप्टनांच्या पंक्तीला जेवू लागले, ज्यांनी पुढे १९७४ मध्ये रणगाडे बाहेर काढले. बंड विद्यार्थ्यांनी केलं नाही, लष्करानंच केलं. पण मेसमधल्या गप्पांचा विषय बदलला होता, आणि तो कुणी बदलला याचा थोडा हिशोब शिक्षणखात्याच्या नावावर मांडायला हवा.

मुली होत्या का?

होत्या, दुहेरी पहाऱ्यात. बऱ्याच जणी नन चालवत त्या वसतिगृहांत राहत, संध्याकाळी ठरल्या वेळी आत. १९६१ मध्ये कोइंब्राच्या संघटनेच्या वर्तमानपत्रात एका तरुणानं एका तरुणीला लिहिलेलं पत्र छापून आलं : मला जे करता येतं ते तुला करता येत नाही आणि तू ते मुकाट मान्य करतेस, असा काहीसा सूर. देशभर गदारोळ झाला. जणू सरकार उलथायची हाक दिली होती! लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीविना परदेशी जाता येत नव्हतं, तेही १९६९ पर्यंत. १९६९ च्या सभांना मुली मोठ्या संख्येनं आल्या, वसतिगृहाच्या वेळा मोडून.

सगळेच विद्यार्थी विरोधात होते का?

छे. विद्यापीठात जायचे तेच मुळात खात्यापित्या घरातले. राष्ट्रवादी, राजेशाहीवादी, कडवे साम्राज्यवादी गट होतेच. वर्गातच बसून पीदला बातम्या पुरवणारेही होते. बहिष्कारात परीक्षा देणारे होते, आणि त्यातल्या काहींची शिष्यवृत्ती बुडाली असती तर घरची चूल विझली असती. त्यांना सरसकट फितूर म्हणायला मी तयार नाही.

१९६९ नंतर वातावरण निवळलं का?

उलट. कायतानोंनी थोडी ढील देऊन पाहिली, १९७० मध्ये विद्यार्थ्यांना माफी मिळाली. पण तोवर माओवादी गट आले होते, आणि ते जुन्या कम्युनिस्टांनाच सौम्य म्हणून शिव्या घालत. १२ ऑक्टोबर १९७२ ला लिस्बनच्या अर्थशास्त्र संस्थेतल्या सभेत गुप्त पोलिसाच्या गोळीनं रिबेइरो सांतोस हा कायद्याचा विद्यार्थी मारला गेला. विद्यापीठांत धिप्पाड पहारेकरी नेमले गेले, पोरं त्यांना 'गोरिला' म्हणत. शेवटच्या वर्षात लिस्बनचे काही वर्ग तुरुंगासारखे दिसत होते.

आज यातलं काय पाहायला मिळतं?

२४ मार्च आता पोर्तुगालचा राष्ट्रीय विद्यार्थी दिन आहे. १९६९ च्या सुतकात बंद झालेला कोइंब्राचा मे महिन्यातला मोठा उत्सव १९८० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि आता तिथे बिअरच्या जाहिराती लागतात. आल्बेर्तो मार्टिन्स २००९ ते २०११ देशाचे न्यायमंत्री होते.

लिस्बनला गेलात तर कॅथीड्रलच्या शेजारी 'अल्जूब' नावाची जुनी जेलची इमारत आहे. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. एकांतवासाच्या कोठड्या जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. कैदी त्यांना 'कुर्रुश' म्हणत, बैलांच्या झुंजीआधी बैल कोंडतात त्या खोल्यांवरून. पीदची कागदपत्रं तोर्रे दु तोंबोच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. तिथे सत्तरीतले-ऐंशीतले लोक येऊन विद्यार्थी असतानाची स्वतःची फाइल मागवतात आणि चष्मा पुसत बसून, आपल्याबद्दल कोण काय सांगत होतं ते वाचतात.